पाण्याखालचा मुक्काम : अंबरनाथची एआयपी, आणि सरकारी प्रयोगशाळा देशाच्या संरक्षणात नेमकं काय करतात

खारा वारा (धागाकर्ता)

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस संरक्षण मंत्रालयाने माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार केला. कलवरी वर्गाच्या (फ्रेंच स्कॉर्पीन आराखड्याच्या) पाणबुड्यांसाठी एआयपीचा प्लग, म्हणजे बोटीच्या मध्ये घालायचा जादा तुकडा, बांधायचा आणि तो बोटीत बसवायचा, असं त्याचं स्वरूप. बातमी दोन दिवस फिरली आणि विरली. मला ती गेल्या दहा-पंधरा वर्षांतली सरकारी संशोधनाची सर्वांत महत्त्वाची बातमी वाटते. म्हणून हा धागा.

एआयपी म्हणजे बाहेरची हवा न घेता पाण्याखाली वीज बनवणारी यंत्रणा. करारातली यंत्रणा डीआरडीओच्या अंबरनाथच्या प्रयोगशाळेत, एनएमआरएलमध्ये तयार झाली. हिचं मूळ मुंबईच्या नौदल गोदीत १९५३ साली सुरू झालेल्या एका छोट्या रसायन-धातू प्रयोगशाळेत आहे. रंग, गंज, रबर, वेल्डिंग असली कामं करणारी ही मंडळी. त्यांनीच पुढे फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून थेट वीज बनवणारा सेल, हातात घेतला.

गरज काय, ते आधी आकड्यांत बघू. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. कलवरीत ३६० लेड-ॲसिड सेल आहेत, प्रत्येकी ७५० किलोचे. म्हणजे २७० टन बॅटरी. लेड-ॲसिडमध्ये किलोमागे ३५-४० वॅट-तास धरले तर एकूण १० मेगावॅट-तासांच्या आसपास वीज होते. बॅटरी तळापर्यंत रिकामी करत नाहीत, म्हणून वापरायला ८ धरा. बोट अगदी हळू, तीन-चार नॉटने (ताशी तीन-चार सागरी मैल) चालली आणि सोनार, पंप, एसी, दिवे सगळं मिळून १५० किलोवॅट लागत असतील, तर दोन दिवसांत बॅटरी संपते. मग स्नॉर्केलची नळी पाण्यावर काढून डिझेल इंजिनं चालवायची. नळी रडारवर दिसते, धूर उष्णतेच्या कॅमेऱ्यात दिसतो आणि इंजिनांचा आवाज दूरवर ऐकू जातो. पाणबुडीचं खरं शस्त्र लपणं हेच आहे, आणि दर दोन दिवसांनी ते खाली ठेवावं लागतं.

वेग वाढवला की परिस्थिती आणखी बिघडते. चालवायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. चार नॉटवरून बारा नॉटवर गेलात की सत्तावीस पट! एआयपी वेगासाठी नसतेच. एकाच पट्ट्यात दबा धरून दोन-दोन आठवडे बसता यावं, एवढंच तिचं काम.

जाणकारांनी भर घालावी.

सुहासराव

खारा वारा, मांडणी आवडली. एक सरळ प्रश्न. तयार यंत्रणा जगात असताना स्वतः करण्यात इतकी वर्षं का घालवली? स्वीडनची स्टर्लिंग (बाहेरून उष्णता देऊन चालणारं इंजिन) आहे, जर्मनांचा फ्युएल सेल आहे, फ्रेंचांची मेस्मा तर स्कॉर्पीन बनवणाऱ्यांचीच.

नांगर

सुहासराव, तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे, त्यामुळे "तयार आहे, घेऊन टाका" इतकं सोपं नाही.

मेस्मात इथेनॉल आणि ऑक्सिजन ६० बारच्या दाबाखाली जाळतात, त्या उष्णतेने वाफ करतात आणि वाफेवर टर्बाइन फिरवतात. दाब इतका ठेवण्याचं कारण हुशारीचं आहे. धुरातला कार्बन डायऑक्साइड कॉम्प्रेसरशिवाय खोल पाण्यातही बाहेर ढकलता येतो. पण कार्यक्षमता सुमारे पाव. उरलेली उष्णता समुद्रात जाते आणि ऑक्सिजन भसाभसा संपतो. हीच यंत्रणा पाकिस्तानच्या अगोस्ता ९०बी बोटींवर आहे, 'हमजा' २००८ साली ती घेऊनच सेवेत आली. जिच्या खाणाखुणा शेजाऱ्याला आतून-बाहेरून माहीत आहेत ती आपण घ्यावी का, हा प्रश्न उरतोच.

स्टर्लिंग भरवशाची आहे. गोटलँड वर्गाच्या बोटीत ७५ किलोवॅटची दोन इंजिनं असतात, आणि २००५ ते २००७ अमेरिकी नौदलाने गोटलँड भाड्याने घेऊन तिच्याविरुद्ध सराव केला तो उगाच नाही. पण हलणारे भाग आहेत, आणि बाल्टिकच्या थंड पाण्यात जी उष्णता-इंजिनं छान चालतात ती अरबी समुद्राच्या २८-३० अंश पाण्यात थोडी दमतात. शिवाय त्या पाण्यात बोटीचा एसीचा भारही वाढतो, हे आपल्याकडच्या चर्चेत कोणी धरत नाही.

जर्मनांचा पीईएम (पातळ प्लास्टिकच्या पडद्याचा) फ्युएल सेल उत्तमच. २०१३ मध्ये त्यांची यू-३२ अटलांटिक ओलांडताना सलग १८ दिवस पाण्याखाली होती. पण ते हायड्रोजन धातूच्या हायड्राइडमध्ये साठवून नेतात. हायड्रोजन त्या सिलिंडरच्या वजनाच्या दीड-दोन टक्केच असतो, आणि बंदरात भरून घ्यायला वेगळी सोय लागते. मुख्य म्हणजे यंत्र विकतात, ज्ञान विकत नाहीत. प्रत्येक मोठ्या दुरुस्तीला त्यांचेच लोक, त्यांचेच सुटे भाग. युद्धाच्या तोंडावर ते जहाजात चढतील का?

विद्युत्कण

अंबरनाथवाल्यांचा वेगळेपणा हायड्रोजनच्या साठ्यात आहे. ते हायड्रोजन नेतच नाहीत, बोटीवर बनवतात, सोडियम बोरोहायड्राइडपासून. पाण्याशी उत्प्रेरकावर अभिक्रिया झाली की सोडियम मेटाबोरेट आणि हायड्रोजन मिळतो. एका रेणूला दोन पाणी लागतात, चार हायड्रोजन सुटतात. यातला अर्धा हायड्रोजन पाण्यातून येतो, हीच याची गंमत.

खारा वारांचे १५० किलोवॅट घेऊन हिशोब मांडतो. हे बोटीचे अधिकृत आकडे नाहीत, रसायनशास्त्राचं गणित आहे.

दिवसाला ३,६०० किलोवॅट-तास. एक किलो हायड्रोजनमधून, पंप-कन्व्हर्टरचं नुकसान वजा जाता, १६ किलोवॅट-तास धरा. म्हणजे दिवसाला २२५ किलो हायड्रोजन. एक किलो बोरोहायड्राइड २१३ ग्रॅम हायड्रोजन देतं, म्हणून सुमारे १,०५५ किलो बोरोहायड्राइड. ऑक्सिजन हायड्रोजनच्या आठ पट, १,८०० किलो. द्रवरूपात दीड घनमीटरच्या थोडा वर. चौदा दिवसांचं बोरोहायड्राइड १५ टनांच्या आत आणि ऑक्सिजन २५ टन. टाक्यांचं आणि यंत्रांचं वजन वेगळं.

आता अडचणीचा भाग. रोज सुमारे १,८४० किलो मेटाबोरेट तयार होतं. त्याचं काय करायचं? विरघळवून ठेवायचं तर २० अंशाला १०० ग्रॅम पाण्यात जेमतेम २६ ग्रॅम विरघळतं. म्हणजे रोज सात टन पाणी! ३५ अंशाला ३६ ग्रॅम, १०० अंशाला १२५ ग्रॅम. त्यामुळे अणुभट्टीसारखी नव्हे, साखर कारखान्याच्या पाकासारखी ही समस्या आहे: गरम आहे तोवर वाहतं, थंड झालं की नळीत बसतं. समुद्राच्या पाण्याला टेकलेली एखादी नळी, एखादा झडप, एखादा पंपाचा कोपरा थंड राहिला की तिथे स्फटिक धरतात आणि रिॲक्टरचा निचरा तुंबतो. निचरा तुंबला की हायड्रोजनचा दाब चढउतार करतो आणि सेल उपाशी राहतात.

पाण्याचा ताळेबंद मात्र सुरेख आहे. अभिक्रियेला रोज हजार लिटर पाणी लागतं, फ्युएल सेल दोन हजार लिटर शुद्ध पाणी देतो. अभिक्रियेचं पाणी घरचंच. उरलेले हजार लिटर मेटाबोरेट पातळ ठेवायला वापरता येतात. ते उकळत्या तापमानालाही पुरे पडत नाहीत, म्हणून जास्तीचं पाणी किंवा गाळासारखा घट्ट द्रव हाताळणारे पंप, यांतलं एक स्वीकारावं लागतं.

बोरोहायड्राइडच्या द्रावणात कॉस्टिक सोडा घालून ठेवतात, नाहीतर ते टाकीतच हळूहळू हायड्रोजन सोडू लागतं. अभिक्रिया उष्णताही भरपूर सोडते, म्हणून रिॲक्टरला थंडावा आणि इंधनाच्या पंपावर काटेकोर नियंत्रण हवं. फायदा हा की पंप थांबवला की हायड्रोजन थांबतो. बोटीत मोठा साठा कुठेच राहत नाही.

धातुकाम

विद्युत्कण यांनी रिॲक्टर सांगितला, मी सेलचं सांगतो.

यात फॉस्फोरिक ॲसिडचा सेल वापरला आहे. सिलिकॉन कार्बाइडच्या पातळ थरात जवळजवळ शंभर टक्के फॉस्फोरिक ॲसिड भिजवलेलं, दोन्ही बाजूंना कार्बनवर प्लॅटिनम आणि मध्ये ग्रॅफाइटच्या खाचा पाडलेल्या पट्ट्या. तापमान १५० ते २०० अंश. भार असताना एका सेलवर ०.६५ व्होल्टच्या आसपास मिळतात. चौरस सेंटिमीटरला १५० मिलिअँपिअर धरले तर हजार चौरस सेंटिमीटरची पट्टी शंभर वॅटच्या घरात. अशा शंभर पट्ट्या रचल्या की दहा किलोवॅटचा एक स्टॅक.

बिघडतं काय?

पहिलं, ॲसिड ४२ अंशाला गोठतं. स्टॅक एकदा ॲसिड भरल्यावर थंड पडू द्यायचा नाही. बंदरात उभ्या बोटीतही किनाऱ्याची वीज देऊन तो उबदार ठेवावा लागतो. गोठून-वितळून इलेक्ट्रोडला बारीक तडे जातात, आणि ते दिसत नाहीत, फक्त व्होल्ट घसरतात.

दुसरं, आणि माझ्या मते सर्वांत घातक: भार काढून सेल गरम ठेवला की व्होल्ट ०.८ च्या वर जातात. त्या व्होल्टला गरम ॲसिडमध्ये कार्बन खाल्ला जातो आणि प्लॅटिनमचे कण सुटून एकत्र गोळा होतात. ऑक्सिजन शुद्ध असल्यामुळे हवेवर चालणाऱ्या सेलपेक्षा इथे धोका जास्त. म्हणून बंद करायचा क्रम ठरलेला असतो. आधी ऑक्सिजन तोडायचा, डमी भारावर व्होल्ट उतरवायचे, मग नायट्रोजनने दोन्ही बाजू धुवायच्या. घाईत हा क्रम चुकला तर नुकसान कायमचं.

तिसरं, बोरोहायड्राइडच्या रिॲक्टरमधून येणाऱ्या हायड्रोजनसोबत कॉस्टिकचं धुकं येतं. ते ॲसिडपर्यंत पोचलं तर ॲसिड मारलं जातं. मध्ये धुणारा मनोरा आणि धुकं पकडणारी जाळी लागतेच. पेट्रोल-मिथेनॉलपासून हायड्रोजन काढणाऱ्यांना कार्बन मोनॉक्साइडची भीती असते, ती इथे नाही, कारण इंधनात कार्बनच नाही.

चौथं, बंद बोटीत काहीही हवेत सोडता येत नाही. द्रव ऑक्सिजन ९९.५ टक्के शुद्ध असला तरी १,८०० किलोंमागे ९ किलो आरगॉन-नायट्रोजन रोज मागे उरतो. तो सेलमध्ये साचून ऑक्सिजनची वाट अडवतो, म्हणून अधूनमधून थोडा वायू काढून टाकावा लागतो. हायड्रोजनच्या बाजूनेही तसंच. काढलेला हायड्रोजन उत्प्रेरकावर जाळून त्याचं पाणी करतात. बोटीच्या हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो, इशारा त्याच्या बराच आधी वाजायला हवा.

मृणाल_द

माहितीपूर्ण धागा. एक शंका. जपानने २०२० मध्ये 'ओर्यू' पाणबुडीत स्टर्लिंग काढून सरळ लिथियम-आयन बॅटरी बसवली. आपण एआयपी बसवेपर्यंत ती जुनी होणार नाही ना?

खारा वारा

मृणालताई, शंका रास्त आहे. विद्युत्कण यांच्या हिशोबातली चौदा दिवसांची ऊर्जा ५० मेगावॅट-तास. तेवढी लेड-ॲसिडमध्ये भरायची तर १,७०० टन बॅटरी लागेल, म्हणजे जवळपास अख्खी कलवरी. लिथियम-आयनमध्ये, आगरोधक कप्पे आणि थंडावा धरून, चार-पाचशे टन. एआयपीत इंधन आणि ऑक्सिजन मिळून ४० टन, टाक्या-यंत्रांसकट त्याच्या काही पट. नुसतं दबा धरून बसायचं असेल तर लिथियम अजून तिथे पोचलेलं नाही.

जपानने लिथियम निवडलं कारण त्यांना जलद भरून जलद पळायचं होतं. दक्षिण कोरियाने नव्या बोटींत दोन्ही ठेवलंय. मला तोच मार्ग पटतो: बसायला एआयपी, निसटायला लिथियम.

सिंधुतीर

बोटीत बसवण्याच्या कामाकडे सगळे पाठ फिरवतात, पण १,९९० कोटी त्यासाठीच आहेत.

मोठ्या दुरुस्तीला आलेली बोट गोदीत आडवी कापायची, दोन्ही अर्धे रुळांवरून दूर सारायचे, मध्ये प्लग सरकवायचा आणि दोन गोल जोड पुन्हा वेल्ड करायचे. कलवरीची रुंदी ६.२ मीटर. प्लग ८ मीटर लांब धरला तर तो सुमारे २४० घनमीटर जागा घेतो, म्हणजे २४५ टनांच्या थोडं वर समुद्राचं पाणी सारतो. त्याचं वजनही तेवढंच भरायला हवं. कमी भरलं तर बोट बुडायला नको म्हणेल, जास्त भरलं तर वर यायला. शिवाय ऑक्सिजन रोज कमी होतो आणि मेटाबोरेट रोज वाढतं, त्यामुळे बॅलास्टच्या टाक्यांनी दिवसागणिक तोल सांभाळायचा. प्लग बोटीच्या मध्याच्या जितका जवळ, तितकं हे सोपं.

जोडाचं वेल्डिंग म्हणजे परीक्षाच. ३०० मीटरवर ३० बार दाब. पत्रा आधी तापवायचा, थरामागून थर, दोन्ही बाजूंनी समोरासमोर वेल्डर बसवून, म्हणजे गोलाई वाकडी होत नाही. वेल्डिंगचे इलेक्ट्रोड भट्टीत सुकवलेले हवेत; ओल राहिली की हायड्रोजनमुळे दोन दिवसांनीही तडा येतो. म्हणूनच तपासणी लगेच न करता थांबून करतात, क्ष-किरण आणि अल्ट्रासॉनिक दोन्ही, पूर्ण लांबीची.

बोटीचा आराखडा फ्रेंच कंपनीचा, म्हणून तिचं म्हणणं घेतल्याशिवाय कापता येत नाही. ती कंपनी, म्हणजे नेव्हल ग्रुप, आणि एनएमआरएल यांचा करार जानेवारी २०२३ मध्ये झाला तो यासाठी.

सुहासराव

सगळं मान्य. पण माझा मूळ मुद्दा वेळेचा आहे. सहा बोटींचा करार २००५ चा. कलवरी डिसेंबर २०१७ ला आली, शेवटची वागशीर जानेवारी २०२५ ला. जमिनीवरचा एआयपी नमुना मार्च २०२१ मध्ये पास झाला. म्हणजे सहाही बोटी एआयपीविना आल्या. याला यश म्हणायचं?

नांगर

सुहासराव, दुखणं खरं आहे, पण दोष एकट्या प्रयोगशाळेवर टाकू नका.

८ मार्च २०२१ ची चाचणी बघा. नमुना दोन्ही तऱ्हेने चालवला, दीर्घकाळ टिकण्याच्या आणि कमाल शक्तीच्या. एल अँड टी आणि थरमॅक्स सोबत होते. त्यानंतर प्लगच्या करारापर्यंत पावणेचार वर्षं गेली. या काळात रसायनशास्त्र अडलेलं नव्हतं. पहिली बोट कोणाची, धोका कोणी घ्यायचा, फ्रेंच मंजुरी कशी घ्यायची, यावर घोडं अडलं.

पी-७५आय ची, म्हणजे नौदलाच्या पुढच्या पाणबुड्यांच्या प्रकल्पाची, अट आठवा: फ्युएल सेल एआयपी समुद्रात सिद्ध झालेली हवी. त्या अटीपायी खुद्द नेव्हल ग्रुप २०२२ मध्ये बाहेर पडला. नौदलाच्या बाजूने अट बरोबरच आहे, माणसं आत बसणार आहेत. पण तीच अट आपल्या यंत्रणेला लावली तर ती कधीच समुद्रात जाणार नाही, कारण पहिली संधी देणारं दुसरं नौदल जगात नाही. सरकारी संशोधनाला पैशाइतकीच पहिल्या गिऱ्हाइकाची गरज असते. नमुन्याच्या मंजुरीच्या दिवशीच "अमुक बोट, अमुक दुरुस्ती" असं लिहून ठेवलं पाहिजे होतं.

खासगी कंपनीने हे केलं असतं का? गिऱ्हाईक एक, बोटी सहा, परतावा वीस वर्षांनी. नाही केलं असतं.

विद्युत्कण

नांगर यांच्याशी सहमत, आणि एका बाबतीत मी जास्त कडक आहे. यंत्र देशी झालं, इंधनाचं काय? बोरोहायड्राइड बोरॅक्सपासून सुरू होतं. आपल्याकडे लडाखच्या पुगा खोऱ्यात बोरॅक्स आहे, पण खाणकाम नाही. बोरॉनचा कच्चा माल आयात होतो. प्लॅटिनमही बाहेरूनच. एका मोहिमेला १५ टन बोरोहायड्राइड, सहा बोटी, वर्षातून चार-पाच मोहिमा धरल्या तर साडेतीनशे ते साडेचारशे टन. ते कुठे बनणार, किती साठवणार? ओल लागली की ते खराब होतं, म्हणून साठाही कोरड्या नायट्रोजनखाली.

बंदरात उतरवलेलं मेटाबोरेट टाकून देऊ नये. त्याच्यापासून पुन्हा बोरोहायड्राइड करता येतं, पण ऊर्जा खूप लागते. मॅग्नेशियमसोबत दळून करण्याच्या पद्धतीवर जगभर काम चालू आहे. स्वस्त नाही पडलं तरी चालेल. समुद्र बंद झाला त्या दिवशी बोरॉन देशातच फिरत राहील. अंबरनाथच्या पुढच्या प्रकल्पाची जागा मला इथे दिसते.

धातुकाम

पुगाचा मुद्दा नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

जमिनीवरच्या चाचणीबद्दल एक सांगतो, कारण पुढच्या बातम्या वाचताना उपयोगी पडेल. जमिनीवर तीन गोष्टी तपासता येत नाहीत. बोट तिरपी झाली की रिॲक्टरमधली द्रवाची पातळी एका बाजूला जाते आणि वायू-द्रव वेगळं करणारं भांडं द्रवच पुढे ढकलू शकतं. जवळ स्फोट झाला तर ऑक्सिजनच्या दुहेरी भिंतीच्या टाकीचे आतले आधार तुटून निर्वात जागा फुटू शकते. तसं झालं की उणे १८३ अंशाचा ऑक्सिजन झपाट्याने उकळतो. आणि आवाज. फ्युएल सेल मुका असला तरी पंप मुके नसतात, त्यांना रबराच्या बैठकीवर ठेवून प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजावा लागतो.

तेव्हा समुद्रचाचणीच्या बातमीत "इतके दिवस पाण्याखाली" एवढाच आकडा बघू नका. किती वेळा चालू-बंद केला आणि त्यानंतर सेलचे व्होल्ट किती उतरले, हे छापून आलं तर ते आधी वाचा.